आरसा किती घासावा?

काळी गाडी पहिलं वर्षभर तळहातावरच्या फोडासारखी जपली जाते, आणि या जपण्यातच तिचं नुकसान होतं. पुण्यात, ठाण्यात, नाशकात, कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सहाच्या सुमाराला बादली आणि फडकं घेतलेला माणूस फिरत असतो. महिन्याचे पैसे ठरलेले, रोज कपडा मारायचा. एका बादलीत दहा-बारा गाड्या उरकतात. पाचव्या गाडीपर्यंत पाणी गढूळ झालेलं असतं आणि त्यातला, फडक्यात अडकलेला बारीक कण पुष्कळदा वाळूचा, म्हणजे क्वार्ट्झचा असतो. मोहसच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर बसतं. गाडीवरचा सगळ्यात वरचा थर त्यामानाने फारच मऊ. वर्ष संपता संपता मालक एका रात्री पेट्रोल पंपावर खाली उतरतो, बॉनेटमध्ये दिव्याचं प्रतिबिंब बघतो, तर दिव्याभोवती कोळ्याचं जाळं. डिटेलिंगवाले त्याला ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. घरी येऊन तो पॉलिशिंगचं मशीन शोधायला लागतो.

त्याला पडणारे प्रश्न ठरलेले असतात: किती वॅटचं, किती आरपीएमचं, कुठल्या कंपनीचं. प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरंही आहेत. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न दुकानदार कधी काढत नाही. ओरखडा काढायचा म्हणजे नेमकं काय काढायचं?

कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीच्या पत्र्यावर सर्वसाधारणपणे चार थर असतात. गंज रोखणारा विद्युतलेपनाचा थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चौघांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉनचा धरला, तर गाडीची सगळी झळाळी केसाहून पातळ पापुद्र्यात मावते. ओरखडा म्हणजे या पापुद्र्यात पडलेली चर. चर उचलून टाकता येत नाही, कारण तिथे उचलण्यासारखं काही नसतंच. आजूबाजूचा पृष्ठभाग चरीच्या तळापर्यंत खाली आणायचा, एवढंच माणसाच्या हातात. पॉलिशर तेच करतो. एकदा नीट केलेलं पॉलिशिंग दोन-तीन मायक्रॉन खातं, जाड कंपाउंड, म्हणजे खरखरीत पॉलिश, वापरलं तर त्याहून जास्त. आणि हा थर नुसता शोभेचा नाही. खालच्या रंगाला ऊन लागू न देणं हेही त्याचंच काम. तो फार पातळ झाला की काही वर्षांत टपावर पांढरट चट्टे येतात, पापुद्रे सुटतात, मग पुन्हा रंगवण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणजे चकाकी आणण्यासाठी गाडीच खर्ची पडते. हे एकदा लक्षात आलं की मशीनच्या खरेदीतून माणूस थेट एका जुन्या धर्मचर्चेत जाऊन पोचतो.

अंतःकरणाला आरसा म्हणणं ही अनेक अध्यात्मपरंपरांची आवडती उपमा आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात काम ज्ञानाला कसा झाकतो हे सांगताना धुराने वेढलेल्या अग्नीबरोबर मळाने झाकलेला आरसा येतो. श्वेताश्वतर उपनिषदात मातीने माखलेलं बिंब स्वच्छ केल्यावर पुन्हा तेजाळतं. चैतन्य महाप्रभूंच्या नावावर असलेल्या शिक्षाष्टकाची सुरुवातच चित्ताचा आरसा निर्मळ होण्याने होते. सूफींच्या परंपरेत हृदयावर गंज चढतो आणि ईश्वराच्या स्मरणाने तो निघतो. या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मळ परका, आरसा मूळचा शुद्ध. झाकण बाजूला केलं की आतलं जसंच्या तसं सापडणार. साधकाला धीर देणारं गृहीतक आहे हे, आणि म्हणूनच ते इतकं टिकलं.

गाडीचं बॉनेट मात्र या उपमेला अडचणीत आणतं. धूळ आरशाची नसते. ओरखडा आरशाचाच असतो. धूळ पुसली तर आरसा होता तेवढाच उरतो. ओरखडा घालवला तर आरसा कमी होतो. मग माणसाच्या मनावर जे बसतं ते धुळीच्या जातीचं की ओरखड्याच्या? मत्सराची एखादी लहर पुसून जात असेल. लहानपणी खाल्लेल्या माराचं, एखाद्या विश्वासघाताचं काय? तो प्रसंग घासून काढायचा म्हटला, तर त्याच्याबरोबर त्या माणसाचं थोडं काहीतरी निघून जाणार नाही का?

चीनमध्ये सातव्या शतकात याच आरशावरून एक प्रसिद्ध वाद झाल्याचं झेन परंपरा सांगते. पाचवे धर्माचार्य होंगरेन यांना उत्तराधिकारी निवडायचा होता. मठातला थोरला शिष्य शेन्शिउ याने भिंतीवर आपलं मत पद्यात लिहिलं. त्याचा रोख असा, की मन हा आरसा आहे, तो सतत पुसत राहणं हीच साधना. मठात तांदूळ कांडणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या हुइनंगने दुसऱ्याकडून आपलं उत्तर लिहवून घेतलं. आरसाच मुळी नाही म्हटल्यावर धूळ बसणार कशावर, असा त्याचा सवाल होता. वारसा हुइनंगला मिळाला. काळ्या गाडीच्या बाबतीत गंमत अशी, की शेन्शिउचा सल्ला तंतोतंत पाळणारा माणूस म्हणजे रोज सकाळी सहाला येणारा तो फडकेवाला. सतत पुसणं हेच तिथे ओरखड्यांचं मूळ. आणि हुइनंगचा सल्ला मानावा तर मशीन घ्यायलाच नको. काही मालक तो मानतातही, गाडी जशी आहे तशी चालवतात आणि त्यांचं फारसं काही बिघडत नाही.

पण जुन्या लोकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. आरशाची ही उपमा रुळली तेव्हाचे आरसे आजच्यासारखे मागून मुलामा दिलेल्या काचेचे नव्हते; धातूचे होते. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर तांब्या-काशाचे आरसे सापडले आहेत. केरळात आरन्मुळा इथे तांबं आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा आरसा आजही ओतला जातो आणि दिवसेंदिवस हाताने घासून त्याला प्रतिबिंब आणलं जातं. धातूवरचा गंज बाहेरून येऊन बसलेला नसतो. तो धातूचाच बदललेला अंश असतो आणि घासताना धातू झिजतोच. रूमीच्या मसनवीत चिनी आणि रूमी, म्हणजे ग्रीक, चित्रकारांच्या स्पर्धेची गोष्ट आहे. चिन्यांनी राजाकडून शेकडो रंग मागून घेतले. रूमींनी रंग मागितलाच नाही, फक्त भिंत घासली. पडदा सरकला तेव्हा समोरचं चित्र घासलेल्या भिंतीत मूळ चित्राहून सुंदर दिसलं. त्या काळच्या ऐकणाऱ्यांना घासणं म्हणजे खरवडणं हे वेगळं सांगावं लागत नसणार. उपमेतली वेदना काचेचा आरसा आल्यावर हरवली, असं म्हणायला जागा आहे.

या बाबतीत सगळ्यात काटेकोर हिशेब जैन दर्शनाने मांडला आहे. तिथे कर्म ही कल्पना नाही, पदार्थ आहे. सूक्ष्म पुद्गल, जे कषायांमुळे, म्हणजे रागलोभासारख्या विकारांमुळे, जीवाला चिकटतात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सात तत्त्वं क्रमाने येतात: जीव, अजीव, आस्रव, बंध, संवर, निर्जरा, मोक्ष. क्रम बघण्यासारखा आहे. आधी संवर, म्हणजे नवीन कर्म आत येण्याची वाट बंद करणं. निर्जरा, म्हणजे आधी साचलेलं झाडून टाकणं, त्यानंतर. गाडीच्या बाबतीत बहुतेक नवशिके उलटा क्रम लावतात. मशीन आधी येतं, ओरखडे जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच फडकं पुन्हा फिरतं. सहा महिन्यांत जाळं परत. म्हणून जाणकार आधी धुण्याची रीत बदलायला सांगतात. कोरडी धूळ कधी पुसायची नाही, पाण्याच्या धारेने आधी माती सोडवून घ्यायची, साबणाची बादली वेगळी आणि मिट (धुण्याचा हातमोजा) विसळायची वेगळी, पुसायला जाड मायक्रोफायबर. हे न बदलता पॉलिशर घेणारा माणूस मायक्रॉन विकत राहतो. आणि फडकेवाल्याला रागावण्यातही अर्थ नाही. त्याला स्वच्छ पाणी, वेगळी बादली आणि प्रत्येक गाडीमागे दहा मिनिटं जास्तीची कुणी दिलेलीच नसतात.

आता ते जाळं. दिव्याभोवती गोल गोल दिसणारे ओरखडे प्रत्यक्षात गोल नसतात. ते सगळ्या दिशांना पसरलेले, बहुतेक सरळ, वेडेवाकडे असतात. त्यांतले ज्यांची दिशा नेमकी जुळते तेवढेच दिव्याचा प्रकाश डोळ्यांकडे फेकतात आणि मध्ये दिवा धरून वर्तुळं उभी राहतात. दिवा हलवा, वर्तुळं हलतात. बघणारा दोन पावलं सरकला, तर तीही त्याच्याबरोबर सरकतात. शंकराचार्यांचे परमगुरू गौडपाद यांच्या कारिकांचं चौथं प्रकरण अलातशांती या नावाचं आहे. तिथला दृष्टांत जळत्या कोलिताचा: कोलीत फिरवलं की आगीचं चक्र दिसतं, थांबवलं की चक्र कुठे गेलं हे सांगता येत नाही, कारण ते आलंच नव्हतं. बॉनेटवरचं चक्र त्याच जातीचं, पण पुरतं नाही. चक्र भास असलं तरी ओरखडे खरे आहेत, नखाला न लागणारे का होईनात. वेदान्ती इथे मान डोलावेल. डिटेलिंगवाला मात्र टॉर्च काढेल आणि दहा कोनांतून पुन्हा बघेल. प्रश्न उरतो तो हा, की जे फक्त पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली, एका ठरावीक कोनातून दिसतं, त्याच्यासाठी दर वर्षी तीन मायक्रॉन द्यायचे का?

द्यायचेच म्हटलं तर मशीनकडे वळावं लागतं. पॉलिशरांच्या मुख्य जाती दोन. रोटरीमध्ये पॅड एकाच अक्षावर गरगरतं, मिनिटाला साधारण ६०० ते ३००० फेरे. हे मशीन झटपट काम करतं आणि सांगाल तेवढं ऐकतं. जोर दिला की तेवढ्याच जोराने कापतं, एका जागी रेंगाळलं की तिथला रंग तापवतं, दाराच्या कडेवर घसरलं की क्षणात खालचा थर उघडा पाडतं. नवख्या हाताखाली ते होलोग्राम सोडून जातं, उन्हात दिसणारे सापासारखे पट्टे. दुसरी जात ड्युअल ॲक्शन, बोलण्यात डीए. इथे पॅड फिरतंही आणि केंद्र सोडून डोलतंही. पोर्टर-केबलच्या ७४२४एक्सपी या मशीनचा डोल ८ मिलिमीटरचा. रुपेस या इटालियन कंपनीच्या एलएचआर १५ चा १५ आणि एलएचआर २१ चा २१ मिलिमीटरचा. डोल मोठा तेवढं काम लवकर, पण वळणाच्या पत्र्यावर ते लवकर अडतंही.

हे अडणंच महत्त्वाचं आहे. साध्या डीएमध्ये पॅडला फिरवणारी गिअरची सक्ती नसते. डोलण्याच्या ओघात ते आपसूक फिरतं. माणसाने हावरेपणाने दाब वाढवला की फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते. कापणं जवळपास बंद. जाणकार पॅड ज्यावर बसतं त्या बॅकिंग प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवतात, म्हणजे पॅड फिरतंय की नुसतं थरथरतंय हे डोळ्यांना कळतं. फ्लेक्सच्या एक्ससी ३४०१ व्हीआरजीसारखी गिअरने सक्तीने फिरवणारी डीए मशीनंही आहेत. ती थांबत नाहीत, म्हणून ती अनुभवी हातासाठी.

यंत्र की हात, या वादात एका मोठ्या तत्त्वज्ञाने मत दिलेलं आहे आणि तो त्या विषयातला अधिकारी होता. बारूख स्पिनोझा भिंगं घासून पोट भरत असे. १६५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केलं. १६७३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केलं तेही त्याने नाकारलं. १६६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचा सचिव ओल्डेनबर्ग याला लिहिलेल्या पत्रात तो हायगेन्स या शास्त्रज्ञाच्या भिंगं घासण्याच्या यंत्राबद्दल लिहितो. गोलाकार भिंगाला झिलई द्यायची तर कुठल्याही यंत्रापेक्षा मोकळा हात अधिक भरवशाचा, असा त्याचा अनुभव होता. १६७७ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, फुप्फुसाच्या विकाराने तो गेला. वर्षानुवर्षं श्वासात गेलेल्या काचेच्या भुकटीने तो विकार वाढवला असावा, असं अनेकांना वाटतं. भिंग घासताना माणूसही झिजतो, हा तपशील त्याच्या चरित्रातून वगळता येत नाही.

स्पिनोझाचं मत मानलं तर रोटरी घ्यावं लागेल, कारण हाताचं ऐकणारं यंत्र तेच. पण त्याच्या मतामागे हजारो तासांचा हात होता. पहिलं मशीन घेणाऱ्या माणसाकडे असतात ते रविवारचे चार तास, उत्साह, आणि एका ओरखड्यावर खुन्नस. अशा माणसाला स्वतःहून थांबणारं यंत्र हवं. इथे कुणी म्हणेल, यंत्राने लादलेला संयम तो कसला संयम? ॲरिस्टॉटलने इच्छा दाबून धरणारा आणि मुळात अतिरेकी इच्छाच नसलेला अशा दोन माणसांत फरक केला होता आणि दुसऱ्याला वरचढ मानलं होतं. डीए वापरणारा दोन्हीत बसत नाही. त्याची इच्छा शाबूत आहे, फक्त तिची वीज कापलेली आहे. पण आपल्याकडच्या व्रतांचा घाट असाच आहे. चातुर्मासातला नेम शांत डोक्याने आधी ठरवला जातो, तो मोहाच्या वेळी डोकं शांत नसणार हे ओळखूनच. बाहेरून घातलेलं बंधन पाळता पाळता आत उतरतं, असा व्रताचा दावा असतो. डीएवर वर्षभर काम केलेल्याचा हात रोटरीवर हलका पडतो, हे मात्र बऱ्याच डिटेलिंगवाल्यांकडून ऐकायला मिळतं.

मग ८ ते १५ मिलिमीटर डोलाचं, सक्ती नसलेलं, पाच इंची प्लेटचं, वेग कमी-जास्त करता येणारं डीए: पहिल्या खरेदीचं उत्तर एवढंच आहे. अमेरिकेतून येणाऱ्या भावाकडून मागवणार असाल तर ते १२० व्होल्टवर चालतं का हे आधी बघा. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये ते पहिल्याच दिवशी देह ठेवेल.

झिजणं नेहमी हावेतूनच होतं असंही नाही. पंढरपूरला विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवायची मुभा सगळ्यांना आहे. शतकानुशतकांच्या स्पर्शाने आणि अभिषेकांनी मूर्ती झिजते, पावलं तर विशेष. म्हणून पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून तिच्यावर आजवर अनेकदा वज्रलेप केला गेला, २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळातही. रोमला सेंट पीटरच्या ब्राँझच्या पुतळ्याचा उजवा पाय यात्रेकरूंच्या हातांनी असाच गुळगुळीत झाला आहे. तिथे कुणी चकाकी आणायला गेलेलं नसतं. जवळ जायला गेलेलं असतं, झीज मागून येते. गाडीचा मालक झिजवतो ते चकाकीसाठी, आणि चकाकी आली की शेजारच्या पोराने हात लावू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून उभा राहतो. दोन्ही ठिकाणी हात प्रेमाचाच आहे म्हणावं, तर प्रेमाच्या दिशा अगदी वेगळ्या आहेत.

वरून लेप देण्याची सोय गाडीलाही आहे. पितळी भांड्याला कल्हई करावी तसं वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग वर चढतं, खालचं काही काढत नाही. त्यात दोन ठिकाणी लबाडीला वाव असतो. ग्लेझसारखी काही उत्पादनं चरी तेलकट पदार्थाने बुजवतात. गाडी विकायच्या दिवशी ती आरशासारखी दिसते आणि चार धुण्यांनंतर नव्या मालकाला जुनं जाळं भेटतं. म्हणून प्रामाणिक माणूस पॉलिश झाल्यावर पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाण्याने पुसतो, तेल निघून जातं आणि ओरखडा खरंच गेला की नुसता लपला ते कळतं. दुसरी लबाडी जाहिरातीतल्या ‘९एच’ची. तो आकडा पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाच्या चाचणीतला आहे, मोहसच्या पट्टीवरचा नव्हे. वाळूचा कण त्याला जुमानत नाही.

आणि किती उरलंय हे मोजायचं? जाडी मोजणारं गेज मिळतं. पण साधं गेज पत्र्यावरच्या सगळ्या थरांची एकूण जाडी सांगतं, क्लिअर कोट त्यातला किती ते सांगत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर तर ते काहीच सांगत नाही. एखाद्या दारावर आकडा अचानक २०० च्या वर गेला, तर ते दार कधीतरी पुन्हा रंगवलेलं आहे एवढं मात्र चटकन कळतं. उरलेली पुंजी अंदाजानेच खर्चायची असल्याने चांगले कारागीर सर्वांत सौम्य पॅड आणि पॉलिशने, बॉनेटच्या एका हातभर चौकोनावर सुरुवात करतात. तेवढ्याने सत्तर टक्के जाळं गेलं तर तिथेच थांबतात. नखाला अडकणाऱ्या खोल ओरखड्याच्या मागे लागत नाहीत; तो कदाचित क्लिअर कोटच्या पलीकडे गेलेला असतो आणि त्याचा पाठलाग करणारा स्वतःही तिथेच पोचतो. कडांवर आणि पत्र्याच्या उभार रेषांवर ते आधी मास्किंग टेप लावतात, कारण तिथे थर पातळ असण्याची आणि पॅडचा जोर एकवटण्याची शक्यता जास्त.

मशीन घरी आल्यावर ते लगेच स्वतःच्या गाडीला लावू नये. भंगारवाल्याकडे अपघातातल्या गाडीचं गडद रंगाचं बॉनेट स्वस्तात मिळतं. ते दोन स्टुलांवर आडवं टाकून आधी सगळं नीट करून बघावं, आणि मग मुद्दाम चुकीचं. एकाच जागी, कडेवर, सगळ्यात जाड कंपाउंडने, पॅडवर बॉनेटचा रंग उतरलेला दिसेपर्यंत. त्याला किती वेळ लागतो, हाताला कसं लागतं, पत्रा किती तापतो हे तिथे कळतं, आणि भंगारवाला ते बॉनेट परत घ्यायलाही तयार असतो, वजनाच्या भावाने.